'न दिसणारा कचरा' म्हणे! (नॅनोकणांवरच्या त्या लेखाला उत्तर)

तिरकस_चष्मा
काल इथे 'शरीरात सोडलेला न दिसणारा कचरा' हा लेख आला. त्याचं सार असं: नॅनोकण (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, त्या मापाचे कण) बारीक, पेशीत घुसतात, बाहेर निघत नाहीत, सबब ३० वर्षांची माहिती हाती येईपर्यंत नॅनो-औषधांवर सरसकट बंदी घाला. तिथेच प्रतिसाद लिहायला घेतला, पण डोकं इतकं सणकलं की वेगळा धागा काढतोय.

लेखकाने कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिबारीक नळ्या), सनस्क्रीनमधलं झिंक ऑक्साइड आणि लिपोसोम एकाच पोत्यात कोंबलेत. २००८ साली उंदरांच्या पोटाच्या पोकळीत लांब नॅनोट्यूब सोडल्यावर ॲस्बेस्टॉससारखा दाह दिसला, हे खरं. पण आखूड, गुंतवळ झालेल्या नॅनोट्यूबनी तसं केलं नाही. मग दोष बारीकपणाचा की लांब, ताठ, न मोडणाऱ्या आकाराचा? लिपोसोम तर पेशीच्या आवरणाच्याच जातीच्या मेदाचा फुगा. तो शरीरात मोडतो.

आणि ३० वर्षं? डॉक्सिल, म्हणजे लिपोसोमच्या फुग्यात कोंडलेलं डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध, १९९५ ला आलं. करा हिशोब.

माझ्या मावशीचा अंडाशयाचा कॅन्सर उलटला तेव्हा तिला हेच दिलं होतं. साधं डॉक्सोरुबिसिन एका मर्यादेपलीकडे देता येत नाही, हृदय निकामी होतं. फुग्यात कोंडलेलं हृदयाच्या स्नायूत कमी झिरपतं. मावशीचं हृदय शेवटपर्यंत ठणठणीत होतं. तळहात-तळपाय मात्र सोलून निघाले, चमचा धरवेना. तो त्या फुग्यांचाच प्रताप, मी लपवत नाही. पण तिला 'कचरा टोचला' म्हणणाऱ्याने आधी तिच्या जागी बसून दाखवावं.

उलटतपासणी
तो लेखक मीच. मावशींबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण एका मावशीवरून धोरण ठरत नसतं.

थोरोट्रास्ट ऐकलंय? थोरियम डायऑक्साइडचे कलिल (द्रवात तरंगत राहणारे) कण, १९३० पासून पुढची वीसेक वर्षं एक्स-रेसाठी रक्तात सोडत होते. चित्रं झकास यायची, रुग्ण हसतमुखाने घरी जायचे. यकृताचे कॅन्सर निघाले कित्येक वर्षांनी. तेव्हाही कोणीतरी चष्मा सारखा करून 'सुरक्षित आहे हो' म्हणालंच असेल.

तिरकस_चष्मा
थोरियम किरणोत्सारी आहे. माणसं अल्फा किरणांनी मेली, नॅनोने नाही. रेल्वेखाली कोणी आलं तर रुळांच्या रुंदीला दोष देता का?

उलटतपासणी
आणि ते थोरियम यकृतात मुक्कामाला का राहिलं? विरघळून लघवीतून का गेलं नाही? कण होता म्हणून! यकृतातल्या कुफर पेशींनी (बाहेरचे कण गिळणाऱ्या) गिळला आणि तिथेच बसला. मूत्रपिंडातून साधारण साडेपाच नॅनोमीटरपर्यंतचंच निसटतं. २०१६ च्या त्या गाजलेल्या आढाव्यात प्राण्यांच्या कॅन्सरच्या गाठीपर्यंत पोचलेली मात्रा मध्यकाने ०.७ टक्के निघाली. बाकीचं बरंचसं यकृत-प्लीहेत. माझा प्रश्न एवढाच आहे की ते तिथून जातं कधी. लिपोसोम पचतो, ठीक. सोन्याचे नॅनोकण पचतात का?

सलाईन_ताई
दोघं सोन्यावर भांडताय, आमच्या वॉर्डात रोज लोखंड चढतं. आयर्न सुक्रोज हाही लोहाचा साखरेत गुंडाळलेला नॅनोकणच. बाटलीवर 'नॅनो' लिहिलेलं नसतं, म्हणून कोणी घाबरत नाही!

फेरुमॉक्सिटॉल या असल्याच लोहाच्या इंजेक्शनचं सांगते. २००९ ला मंजूर झालं, तेव्हा सिरिंजने भराभर द्यायची मुभा होती. २०१५ ला अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी संस्था) काळ्या चौकटीतला इशारा छापला: ७९ जणांना ॲनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी ॲलर्जी), त्यात १८ मृत्यू. आता पातळ करून किमान १५ मिनिटं लावायचं.

मी आधी जिथे होते तिथे एका बाईचं लोहाचं सलाईन सावकाश सोडलं होतं. वरून हुकूम आला, 'लवकर संपवा, पलंग हवाय.' दुसऱ्या कोणीतरी वेग वाढवला. पाच मिनिटांत ओठ सुजले, बीपी खाली. वाचली. रिपोर्टात काय लिहिलं? 'औषधाची ॲलर्जी'. पलंगाची ॲलर्जी कोण लिहिणार!

पीएचडी_अर्धवट
मंजुरीच्या गोष्टी राहू द्या, 'सुरक्षित' हा शब्द पेपरात शिरतो कसा ते बघा. पेशींवर कण ओतायचे, २४ तास थांबायचं, एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजायची चाचणी) करायची, जांभळा रंग मोजायचा. जास्त जांभळं म्हणजे जास्त जिवंत. माझे कण सोन्याचे, ते स्वतःच लाल-जांभळे! पेशी मेलेल्या, यंत्र म्हणतंय जिवंत. गाइडना दाखवलं तर म्हणाले, "तो कंट्रोल (पेशींविना नुसत्या कणांचा नमुना) वगळ." तीन वर्षं गेली माझी.

जुना_गाइड
नुसत्या कणांच्या वेलमधलं (चाचणीच्या ताटलीतल्या खळग्यातलं) मोजमाप वजा करायचं असतं, हे मी पहिल्याच महिन्यात शिकवतो. स्वतःला जमलं नाही की गाइडच्या नावाने खडे फोडायची फॅशनच झालीय.

पीएचडी_अर्धवट
वजा केलं होतं, सर. म्हणूनच तो कंट्रोल वगळायला लावला ना! वाचता तरी का प्रतिसाद?

जुना_गाइड
मग तेव्हा तोंड का उघडलं नाही?

पीएचडी_अर्धवट
सही कोणाची लागते प्रबंधावर?

सलाईन_ताई
अरे रुग्ण राहिला बाजूला!

जुना_गाइड
ताई, हा रुग्णाचाच मुद्दा आहे. माझ्याच प्रयोगशाळेत वर्षभर 'कणांमुळे दाह होतो' म्हणत बसलो होतो. निघालं काय, तर पाण्यात एंडोटॉक्सिन, म्हणजे जंतूंचं विष. ऑटोक्लेव्हने (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राने) जंतू मरतात, ते तसंच राहतं. चुका दोन्हीकडे होतात: विषारी कण पास होतो, निरुपद्रवी कण बदनाम होतो. (अर्धवटराव, तुमचा गाइड चुकला. झालं समाधान?)

पीएचडी_अर्धवट
तीन वर्षं परत मिळाली की कळवतो.

तिरकस_चष्मा
उलटतपासणी, सोनं पचत नाही. वर्षानुवर्षं राहू शकतं. हे घ्या, लिहून दिलं. पण तुमच्या सरसकट बंदीत ॲब्रॅक्सेनही जातं. त्यातलं कॅन्सरचं औषध पॅक्लिटॅक्सेल आधी एरंडेलापासून केलेल्या क्रेमोफोर या द्रावकात द्यायचे. त्याच्या रिॲक्शनच्या भीतीने आधी स्टेरॉइड टोचावं लागायचं. २००५ ला ॲब्रॅक्सेनच्या रूपाने अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाचे कण आले आणि क्रेमोफोर सुटलं. इथे नॅनोनेच जास्त त्रासदायक गोष्ट बाहेर काढली.

उलटतपासणी
बरं. लेखातलं 'सरसकट' खोडतो. 'जे मोडत नाही, त्याचा हिशोब उंदरावरच्या २८ दिवसांच्या चाचणीत मिटवू नका' असं करतो. शीर्षक बदलणार नाही. त्या शीर्षकामुळेच तुम्ही इतकं लिहिलंत.

नवखा_वाचक
सगळं वाचलं. मग ते झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन लावू की नको?

तिरकस_चष्मा
लावा. धड कातडीतून ते आत जवळजवळ जात नाही.

उलटतपासणी
स्प्रेवालं नको. फुप्फुसाला कातडी नसते.

तिरकस_चष्मा
असहमत व्हायची इच्छा होती, पण राहू दे.