ट्रेलरखाली भावाचा पाय चिरडला, पोलीस म्हणतात चूक त्याचीच. सही करायची का?

घणसोलीकर

नमस्कार. माझा धाकटा भाऊ, वय २६, महापे एमआयडीसीतल्या एका गोदामात पॅकिंगला आहे. मागच्या गुरुवारी सकाळी पावणेआठला स्कूटरवरून ड्यूटीला निघाला होता. सिग्नल सुटला तेव्हा पुढे ४० फुटी कंटेनर लादलेला ट्रेलर होता. तो आधी जरा उजवीकडे सरकला. भावाला वाटलं, हा उजवीकडे चाललाय, म्हणून तो डावीकडून सरळ निघाला. आणि ट्रेलर डावीकडेच वळला. पुढचं तोंड निघून गेलं, मागच्या चाकांनी स्कूटर खाली ओढली. मांडीचं आणि नडगीचं, दोन्ही हाडं मोडली. रॉड घातलाय, पोटरीवर कातडी लावायची अजून बाकी आहे. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं.

पोलीस ठाण्यात गेले तर म्हणाले, डावीकडून घुसला, चूक त्याचीच, केस टिकणार नाही. शनिवारी गाडीमालकाचा माणूस थेट वॉर्डात आला. ४० हजार रोख, आणि "आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही" असं टाइप केलेला स्टँपपेपर. आईने पेन हातात घेतलं होतं, मी थांबवलं. बिल आत्ताच अडीच लाखांच्या पुढे गेलंय आणि घरात कमावणारा तोच.

खरंच भावाची चूक आहे का? आईला भीती वाटतेय की सही नाही केली तर हे ४० हजारही जातील.

न्हावाशेवा_भिवंडी

ताई, सही करू देऊ नका. आईंना म्हणावं, ज्याला काहीच द्यावं लागणार नसतं तो दोन दिवसांत वॉर्डात पैसे घेऊन येत नाही.

मी १९ वर्षं न्हावा शेवा ते भिवंडी ट्रेलर चालवला. २०२१ ला गुडघे गेले म्हणून सोडला. तुमच्या भावाचं काय झालं ते वाचताना मला दिसत होतं.

घोडा म्हणजे पुढची इंजिन-कॅबिन, ट्रॉली म्हणजे मागचा कंटेनर लादलेला भाग. हे दोन्ही एका रेषेत वळत नाहीत. घोडा पुढून मोठा वळसा घेतो, ट्रॉली मागून आत कापत येते. म्हणून डावीकडे वळायचं असलं की आम्ही आधी उजवीकडे दाबतो, नाहीतर मागची चाकं फुटपाथवर चढतात. तेव्हा डावीकडे जागा उघडते. स्कूटरवाल्याला वाटतं, रस्ता मोकळा झाला. ट्रॉलीची चाकं नेमकी त्याच जागेत येणार असतात. हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं, लायसन्सच्या परीक्षेतही विचारत नाहीत. त्यामुळे भाऊ फसला यात मला नवल वाटत नाही. पण वळणाऱ्याने इंडिकेटर देऊन, थांबून, डावा आरसा बघूनच वळायचं असतं. ती जबाबदारी ड्रायव्हरची.

आता आरशात काय दिसतं ते सांगतो. कॅबिनच्या डाव्या दाराला चिकटून स्कूटर उभी असली तर सीटवरून हेल्मेटचा शेंडाही दिसत नाही. त्यासाठी क्लिनर असायचा. मी २००२ ला गाडीवर बसलो तेव्हा डावी बाजू पूर्ण त्याची. दारावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. पुढे मालकांनी पगार वाचवायला क्लिनर काढले. आता बहुतेक ट्रेलरवर एकटा ड्रायव्हर असतो.

२०११ ला उरण फाट्याला मी असाच एकटा वळत होतो. मागून कोणीतरी ओरडलं म्हणून ब्रेक मारला. खाली उतरलो तर बाप आणि शाळेतली मुलगी स्कूटरसकट कडेला पडलेले, आणि तिची निळी पाण्याची बाटली माझ्या चाकाखाली चपटी झालेली. दोघांना खरचटलं होतं, तेवढंच. आदल्या संध्याकाळपासून मी पोर्टच्या लाइनीत होतो, एक मिनिट झोपलो नव्हतो. माल सकाळी भिवंडीत पोचला नाही तर फेरीचे पैसे कापायचे. मोटार ट्रान्सपोर्ट कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात दिवसाला ८ तास काम लिहिलंय. लाइनीत उभे राहिलेले तास आमच्याकडे कोणी कामात धरलेच नाहीत. ड्रायव्हरला मोकळं सोडा असं मी म्हणत नाही. पण फक्त ड्रायव्हरचं नाव घेऊन थांबू नका. गाडी त्या अवस्थेत रस्त्यावर आणणारा मालक आहे.

म्हणून ती गाडी पोलिसांकडून सुटायच्या आत बघा. डावा आरसा शाबूत आहे का, डावा इंडिकेटर लागतो का. घोडा आणि मागची चाकं यांच्यामध्ये ट्रॉलीच्या कडेला आडव्या पट्ट्या असतात, साइड गार्ड. माणूस आत जाऊ नये म्हणूनच त्या असतात. वाकल्या की गॅरेजवाले कापून टाकतात आणि परत कोणी बसवत नाही. माझ्या मते तुमच्या भावाच्या बाबतीत हीच पट्टी सगळ्यात महत्त्वाची. आरटीओ इन्स्पेक्टर गाडी तपासून अहवाल देतो, त्यात याची नोंद झाली पाहिजे. मालकाने हमीपत्र, म्हणजे बॉन्ड देऊन गाडी सोडवली की रात्रीत आरसा नवा, पट्टी नवी. मी हे होताना पाहिलंय. पोर्टच्या गेटची वेळ आणि जीपीएसचा रेकॉर्डही मागायला सांगा. तो किती तास जागा होता ते त्यावरून कळेल.

ऐरोलीकर

फुटेज आधी पकडा. एमआयडीसीत प्रत्येक कंपनीच्या गेटवर कॅमेरा असतो, पण जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. सिक्युरिटीवाल्याला हात जोडून सेव्ह करायला लावा आणि पोलिसांनाही लेखी कळवा. एमपरिवाहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विमा आणि फिटनेसची तारीख बघा, त्याचे स्क्रीनशॉट ठेवा.

कळव्याची

ताई, २०१९ मध्ये माझे मिस्टर रात्री मुंब्रा बायपासवर उभ्या ट्रेलरवर आदळून गेले. मागे दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही, तरी मलाही पहिल्या दिवशी हेच ऐकवलं होतं, "मागून ठोकलं म्हणजे चूक तुमचीच." विमा कंपनीनेही तेच म्हटलं. ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने २५ टक्के चूक मिस्टरांची धरली, तेवढी रक्कम कमी झाली. बाकीची व्याजासकट मिळाली. चार वर्षं लागली. म्हणजे भावाची थोडी चूक निघाली तरी सगळं जात नाही, तेवढा वाटा कापला जातो. हे आईंना नीट समजावून सांग.

एफआयआर हवीच. अशा अपघाताला भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आणि १२५ लागतं. पोलीस ठाण्यात घेतली नाही तर तक्रार लिहून स्पीड पोस्टाने डीसीपींना पाठव. २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. त्याबद्दल विचारत राहा.

दावा मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली. ड्रायव्हर, मालक, विमा कंपनी, तिघांना पार्टी करायचं. कायद्यात मुदत अपघातापासून ६ महिन्यांची आहे. भाऊ राहतो तिथे, अपघात झाला तिथे किंवा मालक राहतो तिथे अर्ज करता येतो, त्यामुळे कोणी लांबच्या कोर्टात जायला सांगितलं तर ऐकू नकोस. कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. पण ते स्वीकारले की १६६ चा दावा संपतो. तुमचं बिलच त्याच्या पुढे गेलंय, तेव्हा घाई नको.

आणखी एक. डॉक्टरने पायाला समजा ३० टक्के अपंगत्व लिहिलं, म्हणून कमाईचं नुकसानही ३० टक्केच असं नसतं. माणूस काम काय करतो ते बघायचं, हे सुप्रीम कोर्टाने २०१० च्या राज कुमार विरुद्ध अजय कुमार निकालात सांगितलंय. भाऊ दिवसभर उभ्याने पॅकिंग करतो, हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांग. पगाराची पावती, औषधांची बिलं, तुमचं रिक्षाभाडं, सगळं एका फायलीत ठेव.

हॉस्पिटलच्या दारात वकील भेटतील, "मिळतील त्यातले इतके टक्के द्या" म्हणतील. वकिलांच्या नियमात अशी टक्केवारी बसत नाही. कोऱ्या कागदावर सही तर अजिबात नको. मी केली होती, आणि नंतर वकील बदलताना आठ महिने फुकट गेले. परवडत नसेल तर ठाणे कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे विचार.

घणसोलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. कळव्याच्या ताईंचं उत्तर आईला दोनदा वाचून दाखवलं, स्टँपपेपर परत पाठवला. एफआयआर काल रात्री झाली, साडेतीन तास बसले पण उठले नाही. समोरच्या कंपनीच्या गेटचं फुटेज आहे. पेन ड्राइव्हवर घेतलं, पोलिसांनाही दिलं.

गाडी अजून पोलीस ठाण्याच्या आवारातच आहे. डावा आरसा आहे, पण काच तडकलेली. कडेच्या पट्ट्या एका बाजूला आहेत, दुसऱ्या बाजूला नुसते कापलेले लोखंडाचे तुकडे दिसतात. ट्रॉली कुठल्या बाजूने बघायची तेच कळेना, म्हणून दोन्हीकडून फोटो काढले. आरटीओचा माणूस मंगळवारी येणार म्हणतात.

न्हावाशेवा_भिवंडी

गाडीच्या पुढे उभं राहून घोड्याच्या तोंडाकडे तोंड केलंत तर गाडीची डावी बाजू तुमच्या उजव्या हाताला. ते तुकडे त्याच बाजूला आहेत का, आधी एवढं बघा. कापलेल्या टोकांचे जवळून फोटो घ्या. गंज जुना असेल तर पट्टी अपघातात तुटलेली नाही, आधीच कापलेली होती. मंगळवारी मी कळंबोलीहून सकाळी दहापर्यंत तिथे येतो. इन्स्पेक्टर येईपर्यंत गाडीजवळ थांबू, काय काय लिहून घ्यायचं ते दाखवतो.