लाइफ क्लेरिक: सगळे स्लॉट उपचारात जातात, तरी माणसं पडतात. माझं काय चुकतंय?

पांढरी सोंगटी

आम्ही चौघं (मी, एक फायटर म्हणजे योद्धा, एक विझार्ड म्हणजे जादूगार, एक रोग म्हणजे लपून वार करणारी) आणि डीएम (खेळ चालवणारा) दर रविवारी चार वाजता कर्वेनगरला मावसभावाच्या घरी जमतो. पात्रं घेऊन फाशांवर खेळायच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. अप्पा बळवंत चौकातून आणलेले आलेखाचे मोठे कागद, एक चौकट म्हणजे पाच फूट. मिनींऐवजी (पात्रांच्या छोट्या मूर्ती) कॅरमच्या सोंगट्या: पांढऱ्या आपल्या, काळ्या शत्रूच्या, म्होरक्या असेल तर राणी.

माझी हिल ड्वार्फ (बुटक्या वंशाची) क्लेरिक, म्हणजे दैवी मंत्र टाकणारी आहे, लाइफ डोमेन (उपचाराची शाखा), तिसरी लेव्हल. माझी आजी नर्स होती. तिच्या रात्रपाळीच्या गोष्टी ऐकत मी मोठी झाले आणि हे पात्र तिच्यावरूनच बांधलंय. त्यामुळे "क्लेरिक सोड, पॅलाडिन घे" असा सल्ला कृपया देऊ नका.

मागच्या रविवारी आम्ही एका किल्ल्याच्या अंबरखान्यात अडकलो. दार पाच फुटी, बाहेर सहा हॉबगॉब्लिन (राक्षसी सैनिक). फायटर म्हणाला, "मी खिंड लढवतो," आणि बरोबर दारात उभा राहिला. दोन्ही हातांत मोठी कुऱ्हाड, ढाल नाही, एसी (वार बसायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) १६. समोरचा एक तलवारीनं भिडला, मागून तिघं धनुष्यं ताणून. दुसऱ्या राउंडलाच फायटर पडला. मी क्युअर वूंड्स (जखम भरायचा मंत्र) टाकून उठवला, तो पुन्हा पडला, मी पुन्हा उठवला. चार राउंड मी दुसरं काहीही केलं नाही.

माझ्या भाचीचा विझार्ड फायटरच्या मागे, दाराच्या सरळ रेषेत होता. त्याला दोन बाण लागले आणि त्याचे हिट पॉइंट (प्राणबळ) शून्यावर गेले. मी फायटरवर चौथा स्लॉट (मंत्र टाकायची मोजकी संधी) टाकत असताना तिचा तिसरा डेथ सेव्ह (पडल्यावर जगण्यासाठीचा फासा, तीन फसले की मृत्यू) फसला. ती चौदा वर्षांची आहे, हे तिचं पहिलंच पात्र. खेळ संपल्यावर तिनं विचारलं, "मावशी, तू माझ्याकडे का नाही आलीस?" आठवडाभर तेच डोक्यात आहे.

माझे आकडे: स्ट्रेंग्थ १४, डेक्स (चपळाई) १२, कॉन (काटकपणा) १४, इंट (बुद्धी) १०, विझ्डम १५, करिश्मा ११. पॉइंट बायनं (ठरावीक पॉइंटांत आकडे विकत घेऊन) बांधलंय, वंशाचे बोनस धरून. अंगात स्केल मेल आणि ढाल, एसी १७. चेन मेल घेतलं नाही, कारण जड चिलखतात हळू चालावं लागेल असं वाटलं. दादा (आमचा डीएम) म्हणतो, पुढच्या रविवारच्या आत आकडे बदलायचे असतील तर बदल. काय करू?

गुरुवारचा डीएम

ताई, आधी एक सांगतो. भाचीचा विझार्ड गेला तो तुम्ही कमी उपचार केलेत म्हणून नाही.

मी भोसरीत टूलरूममध्ये आहे. आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, म्हणून आमचा खेळही गुरुवारी. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही, तेव्हा तुमची लढाई मोजून पाहिली.

तुमचा पहिल्या लेव्हलचा क्युअर वूंड्स म्हणजे एक डी८ (आठ बाजूंचा फासा), विझ्डमचे २ आणि लाइफ डोमेनचे ३. सरासरी साडेनऊ. हॉबगॉब्लिनचा बाण म्हणजे डी८ अधिक १. पण त्यांच्याकडे मार्शल अ‍ॅडव्हान्टेज असतो: ज्याला मारायचं त्याच्या पाच फुटांत त्यांचा दुसरा साथीदार उभा असेल, तर प्रत्येक हॉबगॉब्लिनला त्याच्या टर्नमध्ये एकदा वरून दोन डी६. सरासरी साडेबारा. म्हणजे तुमची अख्खी अ‍ॅक्शन आणि एक स्लॉट खर्चून जे भरलं, ते एका बाणानं काढून वर तीन घेतले. आणि असे बाण सोडणारे तिघं होते. ही विहीर भरणार कशी?

गंमत अशी की समोर तलवार घेऊन उभा असलेला एकटा होता, त्याला हा फायदा मिळतच नव्हता. तो मिळत होता मागच्या तिघांना, कारण फायटरला चिकटून त्यांचा गडी उभा होता. दारात उभं राहून तुमच्या फायटरनं तिघांना आयतं निशाण दिलं. (समोरच्या हॉबगॉब्लिनच्या अंगावरून बाण येत असतील तर फायटरला हाफ कव्हर, एसीला २ जास्त. तुमच्या दादांनी ते धरलं होतं का, विचारा.)

खिंड लढवायची तर दारात नाही, दाराच्या आत, बाजूला. फायटर डावीकडे भिंतीला लागून, तुम्ही उजवीकडे. बाहेरच्या धनुर्धाऱ्यांना आतलं कुणीच दिसत नाही. त्यांना आत यावंच लागतं, तेही एकेक करून. जो पहिला आत येतो त्याच्यावर तुम्ही दोघं आणि लांबून तुमची रोग. त्याच्या पाच फुटांत आपलं माणूस असल्यामुळे रोगला स्नीक अटॅकचे दोन डी६ आपोआप. विझार्डनं दाराच्या रेषेत कधीही थांबू नये, हे भाचीला कागदावर पट्टी ठेवून दाखवा. गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली आला तो सैन्य मांडून खेळायच्या वॉरगेममधूनच. कोण कुठल्या चौकटीत उभं आहे याला त्यात अजून तितकंच वजन आहे.

आता तुमची पहिली अ‍ॅक्शन. ब्लेस. लाइफ डोमेनमुळे तो तुमच्याकडे कायम तयार असतो, वेगळा निवडावा लागत नाही. तिघांना, एक मिनिटभर, प्रत्येक हल्ल्याला आणि प्रत्येक सेव्हला (बचावाच्या फाशाला) डी४ जास्त. हॉबगॉब्लिनचा एसी १८. तुमच्या फायटरचा बोनस ५ असेल तर त्याला १३ लागतो, म्हणजे शंभरात ४० वार बसतात. ब्लेस असेल तर साडेबावन्न. हॉबगॉब्लिनला हिट पॉइंट ११ च असतात, कुऱ्हाडीचा एक चांगला घाव आणि खेळ खलास. मेलेला हॉबगॉब्लिन बाण मारत नाही. माझ्या लेखी तोच तुमचा सगळ्यात मोठा उपचार.

तिघांत स्वतःला धरा. ब्लेसला कॉन्सन्ट्रेशन (मंत्र टिकवायला लक्ष) लागतं आणि मार बसला की ते टिकवायला कॉनचा सेव्ह, १० किंवा झालेल्या नुकसानाच्या निम्मे, यातलं जे जास्त ते. त्या सेव्हलाही ब्लेसचा डी४ मिळतो.

दुसऱ्या टर्नला स्पिरिच्युअल वेपन. बोनस अ‍ॅक्शन, म्हणजे टर्नमधली जास्तीची छोटी कृती, कॉन्सन्ट्रेशन नाही, तोही डोमेनचाच. मग अ‍ॅक्शन हातोड्याला मोकळी. उपचार कधी? कुणी शून्यावर गेलं तर हीलिंग वर्ड. बोनस अ‍ॅक्शन, साठ फुटांवरून. भाचीपर्यंत तुम्ही धावूच शकत नव्हता, पण हा शब्द पोचला असता. आणि तुमचा प्रिझर्व्ह लाइफ कुठे गेला? एका अ‍ॅक्शनमध्ये १५ हिट पॉइंट, तीस फुटांत हवे तसे वाटून, निम्म्यापर्यंत, आणि स्लॉट एकही नाही.

आकडे असे करा: स्ट्रेंग्थ १४ तशीच, डेक्स १०, कॉन १६, इंट ८, विझ्डम १६, करिश्मा १०. बरोबर २७ पॉइंटांत बसतं. चेन मेल घ्या. ड्वार्फचा वेग जड चिलखतानं कमी होत नाही, आणि चेन मेलला डेक्स लागतच नाही. एसी १८, हिट पॉइंट २७ चे ३०, आणि ब्लेसखाली कॉन्सन्ट्रेशनचा १० चा सेव्ह शंभरात साडेब्याऐंशी वेळा पास.

एक सावधगिरी. भाचीनं नवा विझार्ड केला तर स्लीप घेईल. पाच डी८, सरासरी साडेबावीस, म्हणजे दोन हॉबगॉब्लिन गार. पण तो सर्वांत कमी हिट पॉइंटवाल्यापासून सुरू होतो, आपला-परका बघत नाही. आमच्याकडे फायटर ६ वर असताना विझार्डनं दारात स्लीप टाकला आणि आधी फायटरच झोपला. त्या गुरुवारी आमची दोन पात्रं गेली.

दोन नापास

वरच्या सगळ्याशी सहमत, एक मुद्दा सोडून. "पडू दे, मग हीलिंग वर्डनं उठव" हे सगळ्याच टेबलांवर चालत नाही. पडलेल्या माणसाला पाच फुटांतून मारलेला आणि बसलेला घाव आपोआप क्रिटिकल असतो, म्हणजे दोन डेथ सेव्ह एकदम नापास. हॉबगॉब्लिन शिस्तीचे सैनिक. एकदा उठलेला माणूस पाहिला की दुसऱ्यांदा ते त्याला तसाच सोडतील का? माझा रेंजर असाच गेला. माझी सूचना: फायटर दहाच्या खाली आला आणि त्याच्यासमोर दोघं असतील, तर आधीच उपचार करा.

आणि दादांना दोष देऊ नका. तिसऱ्या लेव्हलच्या चौघांना सहा हॉबगॉब्लिन म्हणजे नियमांच्या हिशेबात १२०० एक्सपी (लढाईच्या अवघडपणाचे गुण). हार्ड ९०० पासून, डेडली १६०० पासून. लढाई अवघड होती, अन्यायाची नव्हती.

कधी २०२४ च्या नियमांवर गेलात तर हा हिशेब पुन्हा मांडा. तिथे क्युअर वूंड्स दोन डी८ आणि हीलिंग वर्ड दोन डी४ आहे.

पांढरी सोंगटी

प्रिझर्व्ह लाइफ मी "खरी गरज पडेल तेव्हा" म्हणून ठेवला होता. वाचून गलबलून आलं. ब्लेस तर यादीत पहिलाच होता आणि मी तो एकदाही टाकला नाही, कारण त्यात कुणाची जखम भरत नाही.

काल आईला हे सांगत होते. ती म्हणाली, आजी वॉर्डात शिरली की आधी कुणाजवळ जायचं नाही ते ठरवायची.

एक विचारायचं राहिलं. आमचे चौघंही वेगवेगळ्या सोंगट्यांवर मारतात. वहिनी (आमची रोग) म्हणते, जो जवळ असेल त्याला मारणं सोपं. हे ठीक आहे का?

उजवा कोपरा

नाही. मी शाळेत सहा वर्षं कबड्डी खेळलो, उजव्या कोपऱ्यावर. चढाईवाला आला आणि मी घोटा धरला, तर पुढच्या क्षणी मधले दोघं त्याच्या अंगावर पडलेच पाहिजेत. मी एकट्यानं धरून ठेवला आणि बाकीचे आपापल्या जागी राहिले, तर तो मला ओढत मधल्या रेषेला हात लावतो. पकड अर्धी नसते.

इथेही तसंच. एक हिट पॉइंट उरलेला हॉबगॉब्लिन अकरा असलेल्याइतकाच जोरात मारतो. चार जणांना थोडं थोडं लागलं तर पुढच्या राउंडला चारही हल्ले येतात. दोघं मेले तर दोनच. फायटर ज्याला पहिला हात लावेल तो सगळ्यांचा. आमच्या टेबलावर त्या मिनीच्या डोक्यावर बाटलीचं झाकण ठेवतो, म्हणजे टर्न आली की विचार करायला नको. वहिनींना म्हणावं, स्नीक अटॅकही तिथेच मिळतो, कारण फायटर तिथेच आहे.

पांढरी सोंगटी

रविवारचा वृत्तान्त. अंबरखान्यात आम्ही परत गेलो, या वेळी चार हॉबगॉब्लिन आणि राणी. आकडे बदलले, चेन मेल आदल्या गावात ७५ सोन्याच्या नाण्यांना घेतलं. दाराच्या दोन्ही अंगांना मी आणि फायटर. भाची नव्या विझार्डबरोबर पार कोपऱ्यात, तिनं स्वतःच पट्टी लावून चौकट निवडली. मी पहिल्या राउंडला ब्लेस टाकला आणि हात थरथरत होता, खोटं नाही सांगत, कारण फायटरला आधीच सात लागले होते.

पहिला आत आला, वहिनीनं त्याच्यावर झाकण ठेवलं, तो माझी टर्न यायच्या आत गेला. दारात गर्दी झाल्यावर भाचीनं स्लीप बाहेरच्या बाजूला टाकला, फायटर वर्तुळात येत नाही ना हे दोनदा मोजून. फाशांवर चोवीस पडले. दोन काळ्या सोंगट्या आडव्या. राणी चौथ्या राउंडला पडली. मी एकदाच हीलिंग वर्ड वापरला, फायटर आठवर आला तेव्हा, पडायच्या आधी.

आता आम्ही चौथ्या लेव्हलला. विझ्डम १८ करू की वॉर कास्टर हे खास कौशल्य घेऊ?

गुरुवारचा डीएम

वॉर कास्टर. कॉन्सन्ट्रेशनच्या सेव्हला दोन फाशांतला चांगला धरायचा अ‍ॅडव्हान्टेज मिळतो, आणि हातोडा-ढाल हातात असतानाही हातवाऱ्याचे मंत्र टाकता येतात. आत्ता क्युअर वूंड्ससाठी तुम्हाला हातोडा खाली ठेवावा लागायला हवा, दादांनी ते अजून पाहिलेलं दिसत नाही. विझ्डम आठव्या लेव्हलला करा. आणि भाचीला सांगा, चौकट छान निवडली.