घड्या नकोत, वाळू बाहेर झटका

"भाडं भरलंय, मग निघताना झाडलोट आम्ही का करायची?" सुट्टीत भाड्याने घेतलेल्या खोल्यांबद्दल इथे मांडलेला हा मुद्दा मला बराचसा पटतो. सफाईचे वेगळे पैसे घेऊन वर पाहुण्यांना फरशी पुसायला लावणं चूकच. पण कुठला पसारा पाच मिनिटांत आवरतो आणि कुठला दिवस खातो, हे इथे कुणी लिहिलेलं नाही. गुहागरजवळ माझ्या मावशीच्या पर्यटकांना भाड्याने द्यायच्या दोन खोल्या आहेत, मे महिन्यात मी तिच्या मदतीला जाते. अकराला एक कुटुंब निघतं, एकला दुसरं दारात. लोक चांगल्या मनाने चादरींच्या घड्या घालून जातात, पण मग वापरलेली कुठली, धुतलेली कुठली, हे आम्हाला उलगडून बघावं लागतं. काढून कोपऱ्यात ढीग केलात तर उलट बरं.

खरा त्रास वाळूचा आणि डायपरचा. ओले कपडे बाथरूममध्ये पिळले की वाळू जाळीखाली बसते, पाणी तुंबतं. मावशी गुडघ्यावर बसून तारेने ती ओरबाडून काढते, वय बासष्ट. गावात गटारलाइन नाही, घरोघरी शौचटाकी. मागच्या मे महिन्यात कुणीतरी कमोडमध्ये डायपर टाकला आणि ऐन सुट्टीत ती खोली दोन दिवस बंद ठेवावी लागली. चहाचे कप राहू द्यात हो, ते मी धुते. अंगणात नळ आहे, पाय आणि कपडे तिथे धुऊन आत या. डायपर कागदात गुंडाळून डब्यात टाका.