हत्ती-प्याद्याच्या अंतिम डावात राजा कोणत्या बाजूला न्यावा? मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. गेल्या रविवारी कोल्हापुरात राजारामपुरीतील एका हौशी बुद्धिबळ स्पर्धेत, काळ्या मोहऱ्यांनी जवळजवळ चार तास खेळून, बरोबरीत सुटायला हवा असलेला डाव मी हरलो आणि त्याची रुखरुख अजून जात नाही.

पटावर पांढऱ्याचा राजा ई६, प्यादे ई५ आणि हत्ती एच७ वर होता. माझा राजा ई८ वर, हत्ती ई१ वर, आणि चाल माझी होती. हत्ती एच८ वर येताच मात होणार हे दिसत असल्यामुळे, आणि डावीकडे मोकळी जागा अधिक वाटल्यामुळे, मी राजा डी८ वर नेला. तेथून डाव हातातून गेला.

खरे तर प्यादे सहाव्या ओळीत येईपर्यंत आपला हत्ती त्याच ओळीत राखावा आणि मग मागून शह देत राहावे, ही अठराव्या शतकातील फ्रेंच खेळाडू फिलिडोर यांची पद्धत मला ठाऊक होती. पण घड्याळात जेमतेम मिनिट उरले असताना मी हत्ती त्या ओळीतून आधीच काढला.

प्रतिस्पर्धी गृहस्थांनी नंतर आपुलकीने सांगितले की राजा एफ८ वर, म्हणजे प्याद्याच्या लहान बाजूला (जिकडे पटाचे स्तंभ कमी उरतात), न्यायला हवा होता. मात्र एच८ वरून शह, माझा राजा जी७ वर आणि पांढरा हत्ती ई८ वर, असे झाल्यावर माझ्या हत्तीने ए१ वर जाऊन लांबून शह द्यावेत की ई-स्तंभातच थांबावे? जाणकारांनी कृपया पुढच्या चाली कारणांसह सांगाव्यात.