मदत हवी आहे: गिटारवरून बासवर आलो, पण वाजवलेला सूर थांबवता येत नाही

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीकडच्या एका खेड्यात राहतो. आठ महिन्यांपासून मोबाईलवर बघून इलेक्ट्रिक गिटार शिकून राहिलो. साधे कॉर्ड येतात. गायक काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून) गात असला की पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांतला पहिला घर) केपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चिमटा, लावून जी कॉर्ड वाजवतो, काम भागते.

आमच्या गावात भीमगीतांची पार्टी आहे. कीबोर्ड, ढोलक, ऑक्टापॅड, दोन गायक आणि एक गायिका. बास, म्हणजे खालच्या सुराची चार तारांची गिटार, वाजवणारा दादा दिवाळीनंतर पुण्याला कामाला लागला. जाताना बास माझ्या हातात देऊन म्हणाला, "तुले गिटार येते न, इथं त दोन तारा कमीच आहेत." 14 एप्रिलपासून महिनाभर गावोगावी कार्यक्रम असतात. तोवर मला उभं राहायचं आहे.

मागच्या रविवारी बुद्धविहारात पहिली तालीम झाली. मी गिटारच्या सवयीने प्रत्येक मात्रेवर तार छेडत होतो. दुसऱ्याच कडव्यात ढोलकवाल्या काकांनी हात उचलला, सगळे थांबले, आणि माझा बास तसाच घुमत राहिला. काका शांतपणे म्हणाले, "तुहा सूर थांबतच नाही बाप्पा. माही थाप कुठं ऐकू येते?" त्यांचं खरं होतं. ए तार वाजवली की शेजारची सगळ्यात जाड ई आपोआप गुरगुरते, मागचा सूर पुढच्यात मिसळतो.

दुसरी अडचण डाव्या हाताची. पहिल्या चार फ्रेटवर चार बोटं पसरली की मनगट भरून येते. सध्या कापसाचा वेचा चालू आहे, बोंडाच्या टोकांनी नखांच्या कडेला चिरा पडल्यात, त्यावर ह्या जाड तारा. आणि केपो तर ह्याला लागतच नाही, मग काळी चार कशी वाजवायची? माझा दहा वॅटचा गिटारचा अ‍ॅम्प आवाज वाढवला की फडफडतो, तो वेगळाच. कुणी ह्या वाटेने गेलं असेल तर सांगा.

प्रतिसाद

भाऊ, लहान समजून तू म्हणतो. मी आर्वीकडचा, आधी तबला, आता बारा वर्षांपासून बास.

काकांनी तुला नेमकी गोष्ट सांगितली. केरवा ताल तोंडाने म्हण: धा गे ना ति, न क धि न. डग्ग्याची (तबल्याच्या डाव्या, खर्जाच्या बाजूची) घुमक कुठे आहे? धा, गे आणि धि. मधल्या ति न क मध्ये ती नाही, आणि 'क' तर डग्ग्यावर तळवा दाबून वाजवलेला बंद बोल आहे. तुझा बास तिथे बंद पाहिजे. समेवर, म्हणजे पहिल्या 'धा' वर, मूळ सूर (सा) वाजव, 'ना' येताच तोड, 'धि' वर पंचम (प) दे. पहिले पंधरा दिवस एवढंच. हे ढोलकाशी बसलं की गाणं आपोआप उभं राहते.

तोडायचं कसं? डावं बोट तारेवरून उचलू नको, फक्त दाब सोड. उचललं की मोकळी तार बोलते. उजवा अंगठा ई तारेवर टेकवून ठेव, डी-जी ह्या बारीक तारांवर जाताना तोच ए वर सरकव आणि ई ला कडेने अडव. तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने, छेडून झालं की बोट शेजारच्या जाड तारेवर टेकलं पाहिजे.

मनगटाचं कारण लांबी. गिटारची तार साधारण 25.5 इंच, बासची 34. खालच्या फ्रेटवर चार फ्रेटला चार बोटं लावायचा हट्ट सोड. तर्जनी, मधलं आणि करंगळी एवढ्या तिघांत तीन फ्रेट घे, हात सरकू दे. चिरा भरेपर्यंत रोज दहा-दहा मिनिटंच वाजव.

केपोची गरज नाही. काळी चार म्हणजे ई तारेचा चौथा फ्रेट. पंचम ए च्या सहाव्यावर, वरचा सा डी च्या सहाव्यावर. गायक काळी पाचला गेला की हाच आकार जसाच्या तसा दोन फ्रेट पुढे.

प्रतिसाद

अ‍ॅम्पला जपा. गिटारची मोकळी जाड तार 82 हर्ट्झची, बासची 41 ची. छोट्या स्पीकरचा कागद फाटू शकतो. घरी अगदी कमी आवाजात वाजवा, कार्यक्रमात डीआय बॉक्समधून (बासचा आवाज मिक्सरला जुळवून देणारी छोटी पेटी) थेट साऊंडवाल्याच्या मिक्सरला पिन द्या.

धागाकर्ता

दादा, काल रात्री काकांच्या ओसरीवर दोन तास बसलो. ते नुसतं तोंडाने बोल म्हणत होते आणि मी 'ना' वर तोडत होतो. पाऊण तासानंतर एकदा त्यांनी मान डोलावली. पण पंचम डी तारेवर घेतला की अंगठा ई वरून ए वर नेताना 'धि' अजूनही उशिरा पडतो. दोन्ही सूर ई आणि ए तारेवरच ठेवून अंगठा हलवलाच नाही तर चालेल का, की आतापासूनच सवय लावू?