प्रशिक्षण विमानाचं इंजिन: कोअर फिरलं, मग अडतं कुठे?

गगनभेदी
एचएएलच्या (हिंदुस्थान एरोनॉटिक्स) एचटीएफई-२५ या प्रशिक्षण विमानासाठीच्या इंजिनाचं काम २०१३ ला सुरू झालं. डिसेंबर २०१५ मध्ये बेंगळुरूला तेव्हाचे संरक्षणमंत्री पर्रीकर यांच्या हस्ते कोअर (इंजिनाचा गाभा) फिरलंसुद्धा. २५ किलोन्यूटन जोर म्हणजे काही अवाढव्य इंजिन नव्हे. आता पुढे फक्त पंखा जोडायचा ना? आणि शिकाऊ विमानाच्या इंजिनाला लढाऊ विमानाइतकं कुठे राबायचंय?

टर्बाइनतात्या
त्या ‘फक्त’मध्येच ग्यानबाची मेख आहे.

कोअर म्हणजे हाय-प्रेशर कॉम्प्रेसर, ज्वलनकक्ष आणि तो कॉम्प्रेसर फिरवणारं टर्बाइन. एकटं चालवताना त्याला समोरून शांत हवा मिळते. पुढे पंखा बसला की तीच हवा दाबलेली, तापलेली, थोडी गिरकी घेतलेली येते. मागे तो पंखा फिरवणारं लो-प्रेशर टर्बाइन लागलं की तिकडचा दाबही बदलतो. म्हणजे जिथे कॉम्प्रेसर सुखाने चालत होता ती जागाच सरकली. आता थ्रॉटल झटक्यात पुढे ढकला: इंधन लगेच वाढतं, शाफ्टला वेग घ्यायला मात्र वेळ लागतो. ज्वलनकक्षात दाब चढतो, कॉम्प्रेसरला हवा पुढे रेटवत नाही आणि ती उलटी येते. हाच सर्ज. तोफेसारखा धडाका, वेग खाली, तापमान वर. इंधन हळू वाढवावं तर गो-अराउंडला, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाताना, जोर उशिरा मिळतो. या दोहोंमधली वाट काढण्यातच टेस्ट बेडवरचे बरेच तास जातात.

शिवाय लहान इंजिन म्हणून काम सोपं होत नाही. ब्लेडचं टोक आणि केसिंग (बाहेरचं कवच) यांच्यात ०.३ मिमी फट असेल, तर ६० मिमी उंच ब्लेडला ती अर्धा टक्का होते, १५ मिमीच्या ब्लेडला २ टक्के. इंजिन धाकटं केलं तरी त्या प्रमाणात फट काही धाकटी करता येत नाही.

रात्रपाळी
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर नेमकं उलट आहे, गगनभेदीराव. डिस्क, म्हणजे ब्लेड जिच्यावर बसतात ती चकती, बहुतेक वेळा किती तास फिरली यापेक्षा किती वेळा तापून थंड झाली यावर बाद होते. प्रवासी विमानाचा थ्रॉटल तासन्‌तास एका जागी असतो. इथे शिकाऊ वैमानिक चाक टेकवून पुन्हा उठतो, एकाच उड्डाणात अनेकदा. दर वेळी जोर वाढला की डिस्कची कड पटकन तापते, मधलं भोक थंडच राहतं, आणि ताण भोकापाशी साठतो. भेग तिथून सुरू होते. ब्लेड तुटलं तर केसिंगने अडवायचं असतं. डिस्क फुटली तर ती कोणी अडवत नाही. म्हणून ती आधी निर्वात खड्ड्यात, कमाल वेगाच्या ११५ टक्क्यांपर्यंत फिरवून बघतात. वेग १५ टक्के जास्त म्हणजे ताण ३२ टक्के जास्त, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. खड्डा निर्वात नसेल तर मोटरची बरीचशी ताकद हवा घुसळण्यातच जायची.

ब्लेडचं दुखणं वेगळं, ते तापमानाचं. धातू १०-१५ अंशांनी जास्त तापला की क्रीपमुळे (ताणाखाली धातू हळूहळू लांबत जातो त्यामुळे) आयुष्य साधारण निम्म्यावर येतं.

गगनभेदी
मग एचएएलच्याच सितारा या प्रशिक्षण विमानावर इंजिन बदलण्यात काय शहाणपण होतं?

टर्बाइनतात्या
जोर कमी पडत होता. मार्च २००३ चं पहिलं उड्डाण लार्झाक इंजिनावर झालं, १४.१ किलोन्यूटन. मे २००९ मध्ये रशियन एएल-५५आय बसवून उडवलं, सुमारे १७. पण तेही इंजिन तेव्हा विकासातच होतं. नवं विमान आणि नवं इंजिन एकमेकांची वाट बघत बसले की वेळापत्रकाचं काय होतं ते सगळ्यांना दिसलं. सिताराचं स्पिनचं (विमान गिरक्या घेत खाली येतं त्याचं) दुखणं मात्र इंजिनाच्या माथी मारू नका. ते शेपटीचं होतं, उभी शेपूट सरकवून आणि रडर वाढवून सुटलं.

रात्रपाळी
इंजिनाला स्पिनमध्ये वेगळीच काळजी असते. इनटेकमध्ये हवा एका बाजूने कोंबली जाते, दुसरीकडे तुटते. पंख्याचं प्रत्येक ब्लेड दर फेरीला त्या तुटक्या हवेतून जातं आणि थरथरतं. उलट्या उड्डाणात तेल टाकीच्या छताला जातं, त्यामुळे तेल ओढणाऱ्या लवचिक नळीच्या टोकाला वजन लावतात. तेल जाईल तिकडे नळी जाते. नाही गेली तर पंप हवा खातो आणि बेअरिंगला झळ बसते.