पळताना निसटणारे इअरफोन घरच्या घरी पक्के कसे बसवायचे?

प्रश्न
इअरफोन वायरवाले आहेत, ३.५ मिमी जॅकचे, कानाच्या आत बसणारे. चालताना ठीक, पण पळताना किंवा दोरीच्या उड्या मारताना घाम आला की डावा हमखास निसटतो. वायर घासल्याचा धपधप आवाजही येतो. हीट श्रिंक ट्यूबचा (गरम केल्यावर आकसणारी प्लास्टिकची नळी) कानामागे अडकणारा हुक करता येईल का?

उत्तर १
आधी फुकटचा उपाय करा. वायर खाली न सोडता कानाच्या वरच्या कडेवरून मागे न्या. मग ओढ बडवर (कानात बसणाऱ्या भागावर) न येता कानावर येते आणि धपधपही बरीच कमी होते. बड तिरके असतील तर डावा उजव्या कानात घालावा लागेल. वायर कॉलरला क्लिपने अडकवा, पण मान पुरती वळेल इतकी ढील ठेवा.

एकच बाजू निसटते म्हणजे बहुधा मापाचा प्रश्न. दोन्ही कानांची भोकं सारखी असतातच असं नाही. डावीकडे एक माप मोठं रबर लावून बघा. रबरं साबणाच्या पाण्याने धूत जा, तेलकट सिलिकॉन घामात लगेच घसरतं.

उत्तर २
हीट श्रिंक थेट वायरवर चढवायला गेलात तर अडकाल. ३ मिमीची नळी जॅकवरून सरकत नाही. जॅकवरून जाणारी १० मिमीची घेतली, तर २:१ ची नळी आकसून ५ मिमी होते, म्हणजे वायरवर सैलच. शिवाय त्या उष्णतेने वायरचं आवरण मऊ पडतं.

म्हणून हुक वेगळा बनवा. १ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची तार, ९ सेमी. दोन्ही टोकं अर्धा सेमी उलटी दुमडा, नाहीतर तार नळी फाडून कानामागे टोचते. त्यावर ११ सेमी नळी चढवून गरम करा आणि गरम असतानाच टोकं पकडीने दाबून बंद करा. गार झाल्यावर कानाच्या मापाने वाकवा. मग हुक आणि वायर मिळून ६ मिमीच्या स्पायरल रॅपमध्ये (वायरी एकत्र बांधायची प्लास्टिकची वेटोळी पट्टी) गुंडाळा. इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतो. बडपासून २ सेमी वायर मोकळी सोडायची, नाहीतर बड कानात फिरवून बसवता येत नाही.

प्रश्नकर्ता
मोठं रबर लावलं, पण काढताना रबर कानातच राहतं.

उत्तर २
बडच्या ज्या नळीवर रबर बसतं तिच्यावर टेफलॉन टेपचे दोन वेढे द्या, प्लंबिंगचीच टेप. नळीच्या तोंडाच्या जाळीवर येऊ देऊ नका, आवाज दबेल. फेव्हिक्विक मुळीच नको, ते जाळीत उतरलं की बड कायमचा गेला.

उत्तर ३
आपल्या मापाची टिप बनवायची म्हणून कानाचा साचा घ्यायला खिडक्यांच्या फटी बुजवायचं सिलिकॉन कुणीही कानात भरू नये. आंबूस वासाच्या प्रकारातून सुकताना ॲसेटिक ॲसिड सुटतं, आणि आत घट्ट झालं तर डॉक्टरांकडूनच काढावं लागतं. रबराने भागत नसेल तर रबराच्या जागी बसणाऱ्या तयार फोमच्या टिप घ्या: चिमटीत दाबा, कान वर-मागे ओढून आत घाला, फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरा. फोम घाम शोषतो, म्हणून रोज वाळवा आणि चिमटल्यावर फुगेनासा झाला की बदला. मात्र फोमने बाहेरचा आवाज फारच अडतो. रस्त्यावर पळताना एक कान मोकळा ठेवा.